दुसऱ्या फेरीला पकडलेला कोंबडा

थाओंचं घर, मागची खोली
१३ डिसेंबर, सकाळ

ब्लियाताई,

हे पत्र तुला मोहरीच्या पाल्याच्या जुडीत मिळेल. जुडी जपून सोड. लेंग थाओची वहिनी मुआंग खामच्या बाजारात भाजी घेऊन बसते, तीही तुझ्याच शेजारी, हे तिनेच मला सांगितलं. कागद-पेन्सिलही तिनेच दिली. माझा फोन काल ओढाताणीत फुटला.

मला पळवलंय, ताई. या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. "आणलंय" म्हणतात. बाजारातून मीठ आणावं तसं मला आणलंय.

इतक्या वर्षांनी आपल्या नववर्षाच्या सणाला घरी आले होते. कोच नको म्हणत होत्या. "स्पर्धा तोंडावर आलीये, गोलकीपरने कॅम्प सोडून जायचं नाही," म्हणाल्या. मी भांडले. आईने नवा घागरा शिवलाय, चांदीचा हार पुसून ठेवलाय, आता नाही गेले तर कधी जाऊ, असं म्हणून रजा घेतली. काल तोच घागरा घालून मैदानात उभी राहिले. इकडे आम्ही मुली, समोर मुलगे, मधून काळ्या कापडाचे चेंडू जात-येत होते. माझ्यासमोर हा लेंग आला. ताई, तो डावखुरा आहे. त्याचा चेंडू हवेत वळतो! कॅम्प सोडल्यापासून सराव नव्हता, हात नुसते शिवशिवत होते. मी म्हटलं, "जरा जोरात टाक की, जेवला नाहीस का?" त्याने जोरात टाकला. "अजून वर." त्याने वर टाकला. दिवसभर माझ्या हातून एक चेंडू सुटला नाही. त्याच्या हातून सुटत होते. सुटला की अंगावरची वस्तू द्यायची आणि गाणं म्हणून सोडवून घ्यायची, हा तर खेळच आहे. लेंगला गाणं येत नाही. त्याचा कमरेचा लाल पट्टा माझ्याकडे राहिला. ऊन फार होतं, म्हणून मी तो डोक्याला गुंडाळला.

बस, एवढंच केलं मी.

ऊन उतरल्यावर पाण्याच्या टाकीपाशी पाच जणांनी धरलं. मी ओरडले, चावले, एकाच्या नडगीवर अशी लाथ घातली की तो अजून लंगडतोय. आजूबाजूला अर्धं गाव होतं. सगळे हसत होते. "ओरडतेय, शहाणी मुलगी आहे," असं एक म्हातारी म्हणाली. मुलीने ओरडायचंच असतं म्हणे. ओरडलं तर रीत आणि गप्प बसलं तर होकार. मग नको म्हणायचं असेल तर बाईने करायचं तरी काय, ते कोणीतरी मला सांगा!

दारात यांचा म्हातारा कोंबडा घेऊन उभा होता. तीन फेऱ्या डोक्यावरून फिरल्या की मी थाओंच्या देवांची आणि आपल्या घराला परकी. मला उंबऱ्यासमोर उभं केलं, मागे सगळे भिंतीसारखे. पहिली फेरी फिरली. दुसऱ्या फेरीला कोंबडा माझ्या डोक्यावर आला आणि कॉर्नरवरून आलेला बॉल घेतात तसा मी उडी मारून तो घेतला. म्हाताऱ्याच्या मुठीत एक शेपटीचं पीस राहिलं.

आधी सगळे हसले आणि मग कोणीच हसेना. म्हातारा म्हणाला, अर्धवट राहिलेल्या कामावर दुसरा कोंबडा फिरवायचा नाही, घराला बाधतं. दोन्हीकडची मोठी माणसं बसून ठरवतील. तोवर मी या खोलीत आहे. कोंबडाही आहे. त्याचा पाय मी माझ्या पायाला बांधलाय. तो माझा अर्धा भात खातो.

सतराला मला कॅम्पमध्ये पोचायचंय. नाही पोचले तर माझी जागा गेली. बाबांना सांग, काकांना सांग, मला इथून सोडवा.

पाकू

---

मुआंग खाम
१३ डिसेंबर, दुपार

पाकू,

बाजारात घाईत लिहितेय. ही तुझी दूत उठायची वाट बघतेय.

मला सकाळीच सगळं कळलं होतं. तू माझ्या सासरची सून झाल्यासारखे लोक मला शुभेच्छा देताहेत. लेंग माझा चुलत दीर लागतो, विसरलीस का?

आता मी विचारते. दिवसभर एकाच मुलाशी चेंडू खेळलीस, त्याला "अजून टाक, अजून टाक" म्हणालीस, त्याचा पट्टा डोक्याला बांधून सगळ्या मैदानात मिरवलीस. लोकांनी काय समजायचं होतं? व्हिएंटिआनला राहून तू आपल्याकडचं सगळं धुऊन टाकलंस की काय? मुलाचा पट्टा डोक्याला बांधला म्हणजे होकार, हे इथल्या शेंबड्या पोरीलाही कळतं. सासूबाई तर म्हणाल्या, "तुझी बहीणच त्याच्या मागे होती." मी खाली मान घालून कांदे निवडत बसले.

लेंग वाईट नाही. दारू पीत नाही. घरात दोन म्हशी आहेत, ट्रॅक्टर आहे. मलाही असंच आणलं होतं, तुला आठवत असेल. मीही रडले होते, जेवले नव्हते. मग जेवले. माणूस जेवतोच, पाकू.

आणि खरं सांगू का? मला बरं वाटलं. इथून टेकडी उतरलं की तुझं घर. बाळंतपणाला, दुखण्याखुपण्याला माझं म्हणून कोणीतरी जवळ असेल. फुटबॉल काय जन्मभर पुरतो का? गेल्या स्पर्धेत सात गोल खाल्लेत तुम्ही, गावातल्या टीव्हीसमोर बाबांना मान वर करता येईना. तेवढ्यासाठी घरादाराशी वैर घ्यायचं?

कोंबडा सोडून दे. पोराटोरांत हसू झालंय.

ताई

---

थाओंचं घर
१४ डिसेंबर, सकाळ

ब्लियाताई,

कांदे निवडत बसलीस! माझं पत्र वाचलंस, मी कुठे आहे ते तुला कळलं, आणि तू कांदे निवडलेस.

मी चेंडू पकडते, ताई. ते माझं काम आहे. माझ्याकडे आलेला चेंडू मी खाली पडू देत नाही, मग तो लेंगने टाकलेला असो नाहीतर त्याच्या म्हाताऱ्याने. सुताराने लाकडाकडे पाहिलं म्हणून झाडाशी त्याचं लग्न लावतात का? पट्ट्याचं म्हणशील, तर चुकले. खरंच विसरले होते. कॅम्पमध्ये आम्ही सगळ्याच जणी उन्हात काही ना काही डोक्याला गुंडाळतो. त्या चुकीसाठी मी लेंगची माफी मागेन, हवं तर सगळ्या मैदानासमोर. पण विसरल्याबद्दल माफी मागतात, जन्म देत नाहीत.

तोही बोलला माझ्याशी, दाराबाहेरून. ऐक.

"पाकू, तू हसत होतीस माझ्याकडे बघून."

"चेंडूकडे बघून हसत होते. कसला वळवतोस!"

"मग दर वेळी परत माझ्याकडेच का टाकलास?"

"अरे, परतच टाकायचा असतो तो!"

मग म्हणाला, "मी तुला टीव्हीवर पाहिलं होतं. ते सात गोल गेले ना, तेव्हा बाकीच्या रडत होत्या. तू बॉल उचलून मधे नेऊन ठेवत होतीस, दर वेळी. मला ते आवडलं."

मी म्हटलं, "मग पुन्हा टीव्हीवर बघ मला. इथे कोंडून काय बघणार आहेस?"

त्यावर तो काय म्हणाला माहीत आहे? "आता माघार घेतली तर गाव मला हसेल." म्हणजे त्याला कोणी हसू नये म्हणून मी इथे राहायचं.

आणि त्या सात गोलांचं तू काढलंस म्हणून सांगते. समोरच्या संघाने तेहतीस वेळा मारला होता. त्या तेहतीसमधले सात. बाकीचे कोणी अडवले, हे बाबांनी मोजलं नाही. आमच्या संघात निम्म्या मुली डोंगरावरच्या आहेत. त्या सणाला घरी जात नाहीत. मला वाटायचं कोच कडक आहेत म्हणून. आता कळलं. दोन वर्षांपूर्वी आमची लेफ्ट विंगर सणाला गेली आणि परत आली नाही. तिचे बूट अजून आमच्या खोलीच्या दाराशी आहेत. कोणी उचलत नाही. ती गेली तेव्हा ऑफिसातला एक माणूस म्हणाला होता, "ह्या डोंगरातल्या मुली अशाच. शिकवायचं आपण आणि न्यायचं भलत्यानेच." आता माझे बूटही तिथेच पडतील आणि तोच माणूस तेच म्हणेल. आणि या वेळी त्याचं खरं होईल, म्हणून माझा जास्त संताप होतोय.

तुला मी जवळ हवी आहे. मलाही तू हवी आहेस. पण तुझं दुखणं काढायला मी इथे असावं म्हणून मला कोणीतरी उचलून आणलेलं तुला चालतं? तू शाळेच्या संघात होतीस तेव्हा मी बांबूच्या खांबांमध्ये उभी राहायचे आणि तू मारायचीस. माझं पहिलं नाक तू फोडलंस! मी गोलकीपर तुझ्यामुळे झाले. त्या ब्लियाला कुठे पुरलंय तुम्ही लोकांनी?

बाबा काय म्हणाले ते लिही. मधलं काही गाळू नकोस.

कोंबडा सोडणार नाही.

पाकू

---

बाबांचं घर
१४ डिसेंबर, संध्याकाळ

पाकू,

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. मला पुरलंय म्हणतेस! मग सासूबाईंना सांगितलं की माहेरी उद्याच्या स्वयंपाकाला हात हवेत, आणि इथे आले. दुपारपासून चुलीपाशी आहे. भिंतीपलीकडे सगळी मंडळी बसली होती, एकेक शब्द ऐकू येत होता. तू म्हणालीस ना, मधलं गाळू नकोस. घे.

थाओंचे दोन मध्यस्थ लग्नाची काळी छत्री घेऊन आले. गुडघे टेकले, सिगारेट पुढे केली. बाबांनी घेतली, पाकू, म्हणजे बोलणी मान्य. त्यांनी पुढे केली आणि बाबांनी लगेच घेतली. मग वाद सुरू झाला तो तुझ्यावरून नाही, कोंबड्यावरून.

थाओंचा मध्यस्थ म्हणाला, "एक फेरी पुरी झाली म्हणजे झालं. देवांनी बघितलं."

आपले काका म्हणाले, "तीन म्हणजे तीन. एक फेरी म्हणजे नुसती कोंबडी हाकलणं."

"पोरीने हात लावला म्हणजे तिने मान्यच केलं की!"

"हात लावला? अरे, हिसकावला तिने! तुमच्या म्हाताऱ्याच्या हातात पीस राहिलं. पीस फिरवणार का आता?"

पोरं खिदळली. काका उठून उभे राहिले. त्यांना तू कधी ओरडताना ऐकलंस का? मीही नव्हतं ऐकलं. म्हणाले, "माझीही बायको मी ओढून आणली होती. पण आदल्या दिवशी तिनेच निरोप पाठवला होता, टाकीपाशी येते, मामाला संशय येऊ देऊ नका. ती रीत. विचारायचंच नाही आणि उचलून न्यायचं, याला माझ्या बापाच्या काळी चोरी म्हणायचे. घरात मुली असलेल्यांनी तरी हे असलं चालवू नका."

मला वाटलं, आता बाबा बोलतील. बाबा म्हणाले, "मुलगी दुसऱ्याच्या उंबऱ्याला लागली. आता परत आणून मी काय करू? तिच्यासाठी हे दार बंद झालं." एवढं बोलून सिगारेट ओढत बसले. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

खरं सांगते, तेव्हाही मनात होतं की तू राहा. मग सरपंच आले. म्हणाले, तुझ्या कोचचा दोन दिवसांत चार वेळा फोन आला, आणि एकदा कोणी कॅप्टन म्हणून मुलगी फोनवर रडत होती. बाबांनी सरपंचांसमोर फोन लावला आणि सांगितलं, "ती स्वतःच्या मर्जीने गेली. खुश आहे. तिला खेळायचं नाही. पुन्हा फोन करू नका."

माझ्या हातातली पळी चुलीत पडली.

पाकू, माझ्या वेळीही शाळेचे मास्तर विचारायला आले होते. जिल्ह्याच्या संघात माझं नाव होतं. मी थाओंच्या खोलीत होते आणि इकडे बाबा दारात मास्तरांना हेच म्हणाले होते. "स्वतःच्या मर्जीने गेली. खुश आहे." अगदी हेच शब्द. मी इतकी वर्षं समजत होते की मास्तर आलेच नाहीत, कोणालाच माझी गरज नव्हती. आज चुलीपाशी काकू सहज बोलून गेली, "तुझ्याही वेळी असंच सांगितलं होतं हो." सहज! मला भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.

मी आता काही समजावणार नाही. हे कर.

लग्न ठरलं, जेवण आपल्याकडे, म्हणून उद्या सकाळी थाओंची वरात तुला घेऊन आपल्या घराकडे निघेल. थाओंची सून म्हणून वाटेतल्या जेवणाची टोपली माझ्या पाठीवर असणार. मोठ्या रस्त्याच्या वळणावर जेवायला बसतात, तिथून फोन्सावानची बस जाते, पुढे व्हिएंटिआनची मिळते. सगळ्यांच्या हातात भात असू दे. मी टोपली रस्त्यात आपटेन. तू उठ. कोणाकडे बघू नकोस.

कोंबडा बरोबर आण. त्याला तिथे सोडू नकोस.

ब्लिया

---

व्हिएंटिआन, कॅम्प
२४ डिसेंबर

ब्लियाताई,

हे तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींचं उत्तर नाही. भाजीवाल्या वहिनीच्या नावाने बाजारात पाठवतेय, बसवाल्याने शपथ घेतलीये.

मी पोचले. सतराला नाही, सोळालाच. कोचनी मला बघितलं आणि मैदानाकडे बोट केलं. दहा फेऱ्या मारायला लावल्या. त्या संपल्यावर जवळ आल्या आणि माझं डोकं त्यांच्या खांद्यात असं दाबून धरलं की मला श्वास घेता येईना. कॅप्टन विलायने माझे बूट दाराशी ठेवू दिले नव्हते, स्वतःच्या उशाशी ठेवले होते. ऑफिसातला तो माणूस आला. म्हणाला, "लग्न झालं म्हणे तुझं? मग इकडे कशाला?" विलाय उत्तर देणार होती, मीच दिलं. "झालं असतं तरी आलेच असते. लग्न झालं म्हणून तुम्ही ऑफिसला यायचं सोडलंत का?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला अजून हसू येत नाही.

डोळे मिटले की तो रस्ता दिसतो. वळणावर सगळे बसलेले, छत्री दगडाला टेकवून ठेवलेली, मध्यस्थाच्या तोंडात घास. बस वर चढताना दिसली आणि तू टोपली आपटलीस. भात, कोंबडीचे तुकडे, सगळं डांबरावर. आणि तू रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी! बसवाल्याने किती शिव्या घातल्या तुला. मी उठले. लेंग पुढे आला. त्याने मला धरलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. नुसता समोर उभा राहिला. म्हणाला, "पाकू, लोक बघताहेत."

मी काही बोलायच्या आत तू ओरडलीस, "बघू देत! दहा वर्षांपूर्वीही बघत होते. डोळे आहेत तर बघू देत! माझी बहीण चाललीये. स्वतःच्या मर्जीने! ऐकलंत का सगळ्यांनी? स्वतःच्या मर्जीने!" तुझा तो आवाज मी शाळेनंतर पहिल्यांदा ऐकला. मध्यस्थाचा घास तोंडातच राहिला. मी लेंगचा पट्टा त्याच्या खांद्यावर टाकला. तू मला बसमध्ये ढकललंस आणि दार लागता लागता मी कोंबडा तुझ्या हातात दिला. का दिला, मला माहीत नाही. बसमध्ये चालणार नाही असं वाटलं बहुतेक.

मागच्या काचेतून दिसलं ते एवढंच. तू रस्त्यात, बगलेत कोंबडा, आणि सगळे उठून तुझ्याकडे येताहेत. मग वळण आलं.

तुझं काय केलं त्यांनी? लिही ना गं. मारलं? दाजींनी घरात घेतलं का? मी इथे बॉल अडवतेय आणि प्रत्येक वेळी खाली पडले की वाटतं, मी सुटले आणि तुला अडकवलं.

आणि आणखी एक. मी आता कुठली? बाबांनी दार बंद केलं. थाओंची मी झाले नाही. परवा विलायने विचारलं, "स्पर्धेनंतर घरी कधी जाणार?" आणि मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले. आपल्याकडे ज्याला घराचे देव नाहीत त्याला मेल्यावरही कोणी वाट दाखवत नाही. मी इथल्या मुलींना हे सांगू शकत नाही, त्या समजूत घालतील. मला समजूत नको. मला बाबांचा राग आलाय, इतका की ग्लोव्ह घालताना बोटं दुखतात.

दोन तारखेला पहिला सामना. सुरुवातीपासून मीच खेळणार आहे.

पाकू

---

मुआंग खाम
२९ डिसेंबर

पाकू,

तिन्ही पत्रं काल एकदमच मिळाली. वहिनीवर दहा दिवस पाळत होती, म्हणून तिने पत्रं मोहरीच्या पोत्यात खाली दडवली. त्यांना अजून वास येतोय.

मला कोणी मारलं नाही. दोघांनी हात उगारला होता. तेव्हा काका मधे आले आणि म्हणाले, "हिला हात लावायचा तर आधी मला लावा, आणि मग माझ्या चारही मुलांशी बोला." सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. शांतता आहे घरात, मला बरं वाटतंय. तुझे दाजी सहा दिवस गप्प होते. सातव्या दिवशी विचारलं, "टोपली कुठाय?" मी म्हटलं, "रस्त्यावर." म्हणाले, "चांगली होती ती." कालपासून गपचूप नवी विणायला बसलेत. माझ्या लग्नाचा विषय आम्ही अजून काढलेला नाही. काढणार आहे. मलाही त्यांना काही विचारायचंय.

थाओंनी कोंबडा परत मागितला. मी म्हटलं, "पाकूने जिंकलाय. गाणं म्हणा आणि सोडवून न्या." लेंग तिथेच होता. सगळ्यांच्या आधी तो हसला, आणि मग उठून बाहेर गेला. त्यानंतर कोणी मागितला नाही.

आता नीट ऐक.

मी कोंबडा घेऊन आपल्या घरी गेले. बाबा अंगणात होते. मला म्हणाले, "तू कशाला आलीस? तुझं घर तिकडे आहे." मी उत्तर द्यायच्या आत आई बाहेर आली. तिने माझ्या हातातून कोंबडा घेतला, त्याचे पाय चाचपले, आणि म्हणाली, "माझ्या मुलीला दचकवलंय. तिचा जीव घाबरून त्या टाकीपाशी, त्या खोलीत, त्या रस्त्यावर सांडलाय. तो गोळा करायला हवा. मी आज तिचा जीव बोलावणार."

बाबा म्हणाले, "वेडी झालीस? उंबऱ्याला लागलेल्या मुलीचा जीव तिकडच्या दारातून बोलावतात."

आई म्हणाली, "माहीत आहे. म्हणूनच इथून बोलावतेय."

अंगावरचा कपडा लागतो. नवा घागरा तर तू घालूनच गेलीस. आईने पेटी उपसली आणि तळातून तुझा पहिला ग्लोव्ह काढला, तो फाटका, मी पोत्याच्या सुताने शिवलेला. त्यावर अंडं ठेवलं. ते दार जे बाबांनी बंद झालं म्हणून सांगितलं होतं ना, ते तिने दोन्ही फळ्या भिंतीला आपटेपर्यंत उघडलं, आणि उंबऱ्यात उभी राहिली.

तुला माहीत आहे आई कशी बोलते. चुलीलाही ऐकू जात नाही. पण त्या दिवशी तिने हाक मारली ती खालच्या गावापर्यंत गेली. "पाकू! घरी ये! टाकीपाशी असशील तर तिथून उठ! थाओंच्या खोलीत असशील तर तिथून नीघ! रस्त्यावर असशील तर गाडीतून उतर! हे तुझं घर आहे, ही तुझी चूल आहे, कोण नाही म्हणतो ते मला बघायचंय!" हे शेवटचं त्या मंत्रात नाही, तिनेच घातलं. जीव बोलावताना गोड आवाज लावायचा असतो. ही तर भांडत होती. बायका दारादारांत आल्या. कोणी हसलं नाही.

कोंबडा शिजवला. काकांनी त्याचे पाय बघितले. बोटं नीट मिटलेली, आत वळलेली, एकही फाकलेलं नाही. "आली पोरगी," काका म्हणाले. बाबा जेवले नाहीत. पाठ करून बसले होते. नको जेवू देत. तुझ्या वाटणीची तंगडी मी खाल्ली. सगळे झोपायला गेले तरी ते दार उघडंच होतं. आईने लावलं नाही आणि बाबांची लावायची हिंमत झाली नाही.

तेव्हा, तू कुठली, हे पुन्हा मला विचारू नकोस. ज्या कोंबड्याने तुला तिकडचं करायचं होतं, त्यानेच तुला इकडे आणून बसवलंय. नाडी एकदाच बांध आणि विलायला सांग, स्पर्धा झाली की घरी जाणार.

दोन तारखेला वहिनी आणि मी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात बघणार आहोत. सात खाल्लेस तर खा. पण मधे बॉल नेऊन ठेवताना मान वर ठेव, आई बघत असेल, तिलाही आणतेय.

आणि पुढच्या नववर्षाला ये. मैदानात रांगेत उभी राहू नकोस. शाळेमागे बांबूचे दोन खांब मी मागच्या आठवड्यातच रोवलेत. जुना बॉल फुगवलाय, अजून हवा धरतो. संध्याकाळी पोरं निजली की मी मारतेय, अंगठ्याचं नख गेलंय.

हाताने टाकणार नाही मी तुला चेंडू. पायाने मारणार आहे, दहा वर्षांचा साठलेला. अडवून दाखव.

ब्लिया